एअर कमोडोर मेहेरसिंग

मेहेरबाबा हे नाव पुण्याला नवे नाही. ज्यांच्या मौनव्रताची कीर्ती देशोदेशी गेली ते मेहेरबाबा पुण्यातच जन्मले, आणि अहिल्यानगरजवळ मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. परंतु भारतीय हवाई दलात याच नावाने ओळखले जाणारे गृहस्थ अगदी निराळे होते. ते संत नव्हते, आणि मौनाशी तर त्यांचे मुळीच सख्य नव्हते. मनात येईल ते वरिष्ठांच्याही तोंडावर बोलून मोकळे होणारे ते एक शीख वैमानिक होते. त्यांचे खरे नाव मेहेरसिंग. बरोबरीचे सैनिक त्यांना प्रेमाने बाबा म्हणत. ऐन तिशीतल्या माणसाला बाबा म्हणण्याइतका आदर सैनिकांच्या मनात सहजासहजी उत्पन्न होत नसतो. तो कसा उत्पन्न झाला, हीच त्यांच्या चरित्राची कथा आहे.

मेहेरसिंग यांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी पंजाबातील लायलपूर जिल्ह्यात झाला. फाळणीनंतर हा प्रदेश पाकिस्तानात गेला आणि पुढे लायलपूर शहराचे नाव फैसलाबाद झाले. मेहेरसिंग कॉलेजात शिकत असताना भारतीय हवाई दल नुकतेच जन्माला आले होते. १९३२ च्या ऑक्टोबरात कायद्याने त्याची स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये कराची येथे चार विमानांनिशी त्याचा संसार सुरू झाला. हिंदी माणसाला विमान चालवणे जमेल काय, अशी शंका त्या काळी अनेक इंग्रज अधिकारी घेत असत. या शंकेला उत्तर द्यायचे तर ते आकाशातच देणे भाग होते. १९३३ साली मेहेरसिंग यांची निवड होऊन ते इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विद्यालयात दाखल झाले आणि १९३६ साली वैमानिक अधिकारी होऊन परतले.

त्यांची पहिली नेमणूक वायव्य सरहद्दीवर झाली. तेथील डोंगरांत सरकार व टोळीवाले यांच्या चकमकी सतत चालू असत. वैमानिकांच्या हाती वापिती नावाची जुनी विमाने होती. दुहेरी पंख, कापडाने मढविलेला सांगाडा आणि वरून सगळे उघडे! हिवाळ्यात बोटे गोठून जात. खाली कोणत्या खडकाआडून बंदूक रोखलेली आहे हे वरून कळत नसे, आणि इंजिन बंद पडले तर उतरायला सपाट जागा मिळत नसे. टोळीवाल्यांच्या हाती सापडणाऱ्या वैमानिकाची दशा फार वाईट होई. म्हणून या माणसाला सुखरूप परत आणून देणाऱ्यास बक्षीस मिळेल, अशा अर्थाची एक चिठ्ठी वैमानिक जवळ बाळगीत.

एकदा मेहेरसिंग यांच्या विमानाला खालून गोळी लागली व पेट्रोलच्या टाकीला भोक पडले. त्यांनी विमान कसेबसे डोंगरातच उतरवले. ते आणि मागे बसलेला त्यांचा गोलंदाज असे दोघेही वाचले. परंतु भोवती शत्रूचा मुलूख होता. चिठ्ठीवर भरवसा ठेवून वाट पाहत बसणे मेहेरसिंगांच्या स्वभावात नव्हते. दोघांनी अंधाराचा आसरा घेतला आणि टोळीवाल्यांची नजर चुकवीत, रात्रीच्या रात्री डोंगर तुडवीत, ते लष्कराच्या ठाण्यावर येऊन पोचले. लगेच मेहेरसिंग पुन्हा विमानात बसण्यास सिद्ध झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जपानी फौजा ब्रह्मदेश जिंकून हिंदुस्थानच्या दारात आल्या. १९४२ च्या डिसेंबरात त्रिचनापल्ली येथे हवाई दलाची सहावी स्क्वाड्रन उभारण्यात आली व तिचे नेतृत्व मेहेरसिंगांकडे आले. त्या वेळी त्यांचे वय होते सत्तावीस. वर्षभराने ही स्क्वाड्रन आराकानच्या आघाडीवर गेली. तिचे काम लढण्याचे कमी आणि पाहण्याचे अधिक होते. लढाईत पाहण्याचे काम सोपे असते असे वाटण्याचा संभव आहे. पण वस्तुस्थिती उलट आहे. लढणारा विमान हवे तसे वळवू शकतो. फोटो घेणाऱ्याला मात्र खालून तोफा डागल्या जात असतानाही आपली सरळ रेघ सोडता येत नाही.

मेहेरसिंगांचे वैमानिक दोन-दोन विमानांच्या जोड्या करून जात. पुढचा वैमानिक झाडांच्या शेंड्यांलगत उडत जमिनीवर नजर ठेवी. जंगलातील ताजी पायवाट, नदीकाठी लपवलेल्या होड्या, झोपडीतून निघणारा धूर, यांवरून शत्रूची चाहूल घ्यायची. मागचा वैमानिक आकाशावर पहारा करी. त्यांची हरिकेन विमाने तोवर जुनी झाली होती व जपानी विमाने त्यांहून चपळ होती. तरीही ही माणसे दिवसातून अनेक वेळा जात आणि बातमी घेऊन येत. चौदाव्या फौजेचे डोळे, असे या स्क्वाड्रनला नाव पडले. त्या फौजेचे सेनापती स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आपल्या आठवणींत या स्क्वाड्रनच्या धैर्याचा मुद्दाम गौरव केला आहे. १९४४ साली मेहेरसिंग यांना डी. एस. ओ. हा मोठा लष्करी सन्मान मिळाला. त्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या दुसऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला तो मिळाला नाही. बाबांची एक रीत याच काळात सर्वांच्या ध्यानात आली. अवघड कामगिरी आली की तिच्यावर ते आधी स्वतः जात.

१९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला. मेहेरसिंगांची जन्मभूमी मात्र त्याच दिवशी परक्या देशात गेली. या दुःखावर फुंकर घालीत बसायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण दोन महिन्यांतच काश्मीरवर हल्ला झाला. सशस्त्र टोळीवाले श्रीनगरच्या वाटेला लागले. तेथील महाराजांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली आणि २७ ऑक्टोबरच्या सकाळी शिखांच्या पलटणीचे जवान घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरला उतरली. श्रीनगरचा विमानतळ म्हणजे एक कच्चे मैदान होते. तेथे रात्रीचे दिवे नव्हते, की पुरेसे इंधन नव्हते. एकामागून एक विमाने धुळीचे लोट उडवीत उतरत होती. हवाई दलाची विमाने अपुरी पडली म्हणून प्रवासी कंपन्यांचीही विमाने या कामी लागली. श्रीनगर वाचले. परंतु युद्ध संपले नाही; ते पुढे वर्षभर चालले. या युद्धातील हवाई मोहिमेची जबाबदारी एअर कमोडोर मेहेरसिंग यांच्यावर होती. मुंबईचे हृषीकेश मूळगावकर हेही याच मोहिमेत लढले व महावीर चक्राचे मानकरी झाले. पुढे १९७६ साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता पूंछची हकीकत. पूंछ हे डोंगरांनी वेढलेले गाव. १९४७ च्या नोव्हेंबरात शत्रूने त्याच्या सर्व वाटा अडवल्या. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांची थोडी फौज होती आणि आसपासच्या खेड्यांतून जीव घेऊन पळून आलेले सुमारे ४० हजार निर्वासित होते. धान्य संपत आले. औषधे नव्हती. वरून पोती टाकून एवढ्या माणसांना किती दिवस जगवणार? विमान उतरले तरच गाव वाचणार होते, आणि विमान उतरायला जागा नव्हती. तेव्हा प्रीतमसिंगांनी सैनिक व निर्वासित यांना हाताशी धरून धावपट्टी तयार करण्याचे काम आरंभले. बायकामाणसे, म्हातारे, पोरे, सारे दगड वेचू लागले. शत्रूच्या गोळ्यांच्या टप्प्यात हे काम चालले होते. थोड्याच दिवसांत पट्टी तयार झाली.

ती पट्टी कशी होती? लांबी सुमारे ६०० यार्ड. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. पूंछची पट्टी तिच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी. लोहगावला उतरणारी आजची विमाने डाकोटाहून फार मोठी व वेगवान आहेत हे खरे, तरी भरलेल्या डाकोटालाही एवढी जागा फार तोकडी होती. तीन बाजूंना पाण्याचे ओहोळ, भोवती उंच डोंगर आणि त्या डोंगरांवर शत्रू. उतरताना चुकले तर पुन्हा वर जाण्यास अवकाश नाही. अशा जागी विमान उतरवा म्हणून हाताखालच्या वैमानिकाला हुकूम देता आला असता. सेनापतीने हुकूम द्यावा व वैमानिकाने तो पाळावा, हाच लष्करातील नियम आहे. मेहेरसिंगांनी तो हुकूम दिला नाही. १९४७ च्या डिसेंबरात पहिले डाकोटा त्यांनी स्वतः पूंछला उतरवले. त्यांच्या विमानात हवाई दलाचे एक वरिष्ठ अधिकारी सुब्रोतो मुखर्जी बसले होते. हेच मुखर्जी पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

एकदा बाबा उतरले म्हटल्यावर इतरांना शंका उरली नाही. विमानांची रीघ लागली. धान्य, मीठ, दारूगोळा आत येऊ लागला; जखमी आणि निर्वासित बाहेर जाऊ लागले. शत्रूने मग डोंगरावर तोफा चढवून पट्टीवरच मारा सुरू केला. त्याला उत्तर द्यायला पूंछमध्ये तशाच तोफा हव्या होत्या, आणि दिवसा तर विमान उतरवण्याची सोय राहिली नव्हती. मेहेरसिंगांनी रात्र निवडली. पट्टीच्या कडेने रॉकेलचे कंदील मांडले, त्यांच्या मिणमिणत्या उजेडाच्या अंदाजाने डाकोटा खाली आले आणि त्यातून तोफा उतरल्या. डोंगराच्या कुशीत, काळोखात, कंदिलांवर नजर ठेवून विमान उतरवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने घाटातून रात्री गाडी हाकली आहे त्याला थोडीफार येईल. पण गाडीला निदान थांबता तरी येते. अशा रीतीने पूंछने वर्षभर तग धरला. १९४८ च्या नोव्हेंबरात जमिनीवरील फौजा तेथे जाऊन पोचल्या व वेढा उठला.

डाकोटा हे खरे तर माल वाहणारे गरीब विमान. त्यातून बाँब टाकण्याची सोय नसते. परंतु बाँबफेकी विमाने पुरेशी नाहीत असे दिसताच मेहेरसिंगांनी डाकोटाच्या मोठ्या दारातून बाँब हाताने ढकलून देण्याची युक्ती अमलात आणली. हाताशी जे आहे त्यातून काम भागवायचे, नसलेल्याबद्दल रडत बसायचे नाही, ही त्यांची वृत्ती होती. या वृत्तीची सर्वांत मोठी परीक्षा लेह येथे झाली.

लेह ही लडाखची राजधानी. १९४८ च्या वसंत ऋतूत शत्रू सिंधू नदीच्या खोऱ्याने तिच्या रोखाने येऊ लागला. लेहच्या रक्षणाला मूठभर सैनिक होते. मेजर पृथीचंद यांच्या नेतृत्वाखाली ते ऐन हिवाळ्यात बर्फाने भरलेली झोजीला खिंड ओलांडून तेथे गेले होते. त्यांच्याबरोबर सोनम नोरबू नावाचे एक लडाखी इंजिनियर होते. यंत्रे नाहीत, सामग्री नाही, अशा स्थितीत नोरबूंनी गावकऱ्यांच्या मदतीने सिंधूजवळच्या वाळवंटात धावपट्टी आखली आणि बांधून पुरी केली. पट्टी तयार झाली. तिच्यावर उतरणार कोण?

या प्रश्नाचा अर्थ समजण्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची सुमारे ५ हजार ४०० फूट आहे. लेहची ती धावपट्टी, म्हणजे सपाट जमीन, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होती. तेथे पोचण्यासाठी जी शिखरे ओलांडायची ती त्याहून कितीतरी उंच. त्यासाठी विमान २० हजार फुटांच्याही वर न्यावे लागणार होते. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि पंखांना हवेचा आधार कमी मिळतो. म्हणून विमान जड होते, उतरताना त्याचा वेग जास्त राहतो आणि थांबायला त्याला अधिक लांब पट्टी लागते. माणसाचेही तसेच. प्राणवायू कमी पडला की डोके जड होते, हातपाय ऐकत नाहीत, साधा निर्णय सुचत नाही. आजच्या प्रवासी विमानात आतील हवेचा दाब राखलेला असतो. डाकोटात तसे काही नव्हते. भरीस भर म्हणून त्या प्रदेशाचे नकाशे अपुरे होते, आणि दुपार कलू लागली की लडाखात वारे असे उसळतात की खोऱ्यातून विमान नेणे धोक्याचे होते. आजही लेहला जाणारी बहुतेक विमाने सकाळच्या वेळी जातात ती याच कारणाने.

काश्मीरमधील फौजेचे सेनापती मेजर जनरल थिमय्या यांनी मेहेरसिंगांपाशी लेहचा विषय काढला. डाकोटाच्या पुस्तकात असल्या उड्डाणाला आधार नव्हता. नकार दिला असता तर कोणीही दोष दिला नसता. २४ मे १९४८ रोजी मेहेरसिंगांनी विमान हाकारले आणि खुद्द थिमय्या त्यांच्याबरोबर बसले. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकाने हुकूम देण्याऐवजी स्वतः विमान चालवले, दुसऱ्याने आपल्या सैनिकांना पाठवण्याआधी स्वतःचा जीव त्या विमानात ठेवला. झोजीला मागे पडली. पुढे ज्या बाजूला पाहावे त्या बाजूला बर्फाचे सुळके आणि त्यांमधून अरुंद खोरी. चुकीच्या खोऱ्यात शिरले तर वळायलाही जागा नाही. सिंधूचा प्रवाह दिसला, तिच्या काठाने लेहचा राजवाडा दिसला आणि नोरबूंनी आखलेल्या वाळूच्या पट्टीवर डाकोटाची चाके टेकली.

लेहच्या लोकांनी तोवर विमान पाहिले नव्हते. किंबहुना चाकाची गाडीदेखील तेथे नव्हती. सारी वाहतूक याक, तट्टे आणि खेचरे यांवर चाले. हा उडणारा घोडा लांबून आला आहे, दमला असेल, असे समजून काहींनी त्याच्यापुढे गवताच्या पेंढ्या आणून टाकल्या, असे सांगतात. गोष्ट ऐकून हसू येते. परंतु घरी आलेल्या पाहुण्याच्या जनावराला वैरण घालणे ही त्या डोंगरातील मोठी रीत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती केवळ हसण्याची गोष्ट राहत नाही.

वाट उघडली. पुढील काही दिवसांत त्याच वाटेने डाकोटांतून गुरखा पलटणीचे जवान लेहला पोचले आणि लेह शत्रूच्या हाती पडले नाही.

काश्मीरमधील कामगिरीबद्दल मेहेरसिंग यांना महावीर चक्र देण्यात आले. याच वर्षी त्यांच्या आयुष्यात एक कटू प्रसंग आला. वरिष्ठांशी त्यांचे मतभेद झाले आणि १९४८ च्या सप्टेंबरात त्यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. तेव्हा ते अवघे तेहतीस वर्षांचे होते. कागदपत्रे, पायऱ्या, परवानग्या यांचा त्यांना तिटकारा होता. आणि मोठे सैन्य यांवाचून चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. जी निर्भय घाई पूंछला उपयोगी पडली तीच कचेरीत टोचू लागली असावी. दोष कोणाचा, याचा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. इतके मात्र म्हटले पाहिजे की, ज्या दलाची वाट त्यांनी डोंगर फोडून उघडली त्याच्या पुढील प्रवासात ते नव्हते, ही दोघांचीही हानी होती.

राजीनाम्यानंतर ते पतियाळाच्या महाराजांकडे सल्लागार म्हणून राहिले. उडणे त्यांनी सोडले नाही. १६ मार्च १९५२ च्या रात्री एका लहान विमानातून ते जम्मूकडून दिल्लीला येत होते. दिल्ली जवळ आली असता मोठे वादळ सुटले. झोजीलावरून ज्यांनी विमान नेले, कंदिलांच्या उजेडात ज्यांनी ते उतरवले, त्यांना त्या रात्री सपाट मैदानावरील वाऱ्याने गाठले. विमान कोसळले आणि मेहेरसिंग मृत्यू पावले. चार दिवसांनी त्यांना सदतीस वर्षे पुरी झाली असती.

हवाई दलाने २०१८ साली एक स्पर्धा सुरू केली. वैमानिकावाचून उडणारी लहान लहान विमाने एकमेकांशी मेळ राखून थव्याने कशी उडतील, संकटात सापडलेल्या माणसांपर्यंत मदत कशी नेतील, हे तरुण संशोधकांनी शोधून काढावे अशी तिची योजना. त्या स्पर्धेला नाव दिले आहे मेहेरबाबांचे.